खोडदची दुर्बीण, पुणे–नाशिक रेल्वे आणि कुठेच न लिहिलेला खर्च

प्रकरण थोडक्यात असं. पुणे आणि नाशिक ही राज्यातली दोन मोठी शहरं, मधलं अंतर दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, तरी त्यांना सरळ जोडणारा लोहमार्ग नाही. रेल्वेने जायचं तर कल्याणला नाहीतर दौंड-मनमाडला वळसा. राज्य सरकार आणि रेल्वे यांची संयुक्त कंपनी असलेल्या महारेलने यावर उपाय म्हणून एक आराखडा पुढे आणला: २३५ किलोमीटरचा दुहेरी मार्ग, ताशी २०० किलोमीटर वेग, अंदाजे खर्च १६,०३९ कोटी रुपये. चाकण, राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा हा पट्टा. काही गावांत मोजणी झाली, काही ठिकाणी जमिनीची खरेदीखतंही झाली. आणि मग मार्ग अडला. २०२४ च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी स्पष्ट केलं की ही आखणी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या क्षेत्रातून जाते, दुर्बिणीच्या कामात बाधा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल. २०२५ मध्ये नव्या आखणीचा रोख अहिल्यानगर आणि शिर्डीकडे वळला. नारायणगाव, मंचर, संगमनेर नकाशावरून गेले.

आकाशावर सरकारने पैसा खर्च करावा का, हा वाद पुण्यात नवा नाही. यान चंद्रावर उतरतं त्या संध्याकाळी पेढे वाटणारे असतात, आणि त्याच कट्ट्यावर “आधी कात्रजचे खड्डे बुजवा” म्हणणारेही असतात. दोन्ही बाजू बोलतात ती तिजोरीतल्या रुपयांबद्दल. खोडदचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते याच कारणाने: इथे रुपये हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

एक खुलासा आधीच करतो, नाहीतर कुणीतरी बोट ठेवेलच. जीएमआरटी इस्रोची नाही. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची, म्हणजे पर्यायाने अणुऊर्जा विभागाची. ती रॉकेट सोडत नाही, जागेवर बसून आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकते. पण पैसा त्याच केंद्र सरकारचा आहे आणि त्यावर घेतला जाणारा आक्षेपही तोच आहे.

तीस ताटल्या आणि एक शांत खोरं

खोडदला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं, दुर्बिणीची ही ताटली, म्हणजे डिश अँटेना, अर्धवटच बांधलेली दिसते. ४५ मीटर व्यासाची, म्हणजे जवळपास अर्ध्या फुटबॉल मैदानाएवढ्या रुंदीची, आणि तिच्यातून आरपार आकाश दिसतं. भरीव पत्रा कुठेच नाही. तारांच्या दोरखंडांवर ताणून बसवलेली स्टेनलेस स्टीलची जाळी आहे; तार ०.५५ मिलिमीटर जाडीची, मधल्या भागात जाळीची घरं १० मिलिमीटरची, कडेला २० मिलिमीटरची. ही दुर्बीण २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरी पकडते. एवढ्या लांब लहरीला बोटभर भोकांची जाळी आणि भरीव पत्रा यांत फरक कळत नाही. वाऱ्याला मात्र कळतो. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि किंमत आवाक्यात आली. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्याआधी उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण त्यांनीच उभी केली होती, १९७० मध्ये. कमी पैशात अशा तीस ताटल्या उभारता येतील, असा त्यांचा हिशोब होता, आणि तो त्यांनी खरा करून दाखवला.

तीसपैकी चौदा ताटल्या खोडदजवळ साधारण चौरस किलोमीटरभर जागेत आहेत. उरलेल्या सोळा पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर लांबवर पसरल्यात. दोन टोकांच्या ताटल्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं. म्हणजे दुर्बीण कुंपणाच्या आत नाही. ती लोकांच्या उसात, द्राक्षात, कांद्यात उभी आहे. तीस ठिकाणचे संदेश एकत्र जुळवले की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच ताटलीइतकं बारीक चित्र मिळतं.

जागा म्हणून जुन्नरच का? पुणे जवळ आहे, वारा बेताचा आहे. हा भाग भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसा उत्तरेला असल्याने वरचं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, तुलनेने शांत असतं, आणि दक्षिणेकडचं बरंचसं आकाशही इथून दिसतं. पण खरं कारण डोंगर. भोवतालच्या रांगांमुळे बाहेरचा रेडिओ गोंगाट खोऱ्यात कमी येतो. हा गुण जीएमआरटीच्या आधीच कुणीतरी हेरला होता: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह संपर्कासाठी देशातलं पहिलं व्यावसायिक भूकेंद्र उभं राहिलं ते नारायणगावजवळच्या आर्वीलाच, आणि त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. तमाशाच्या फडांनी गाजणाऱ्या गावाशेजारी देशाने ऐकण्याची दोन केंद्रं बांधावीत, यात मौज आहे खरी.

रेल्वेने नेमकं काय बिघडतं

नारायणगावात अनेकदा विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे: गावात मोबाइलचे टॉवर चालतात, मोटारी चालतात, महावितरणच्या तारा आहेत, मग रेल्वेनेच काय घोडं मारलं?

त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण वेधशाळेच्या बाजूने बोलणारे बहुधा “संवेदनशील उपकरणं आहेत” एवढ्यावर थांबतात आणि लोकांना ते टोलवाटोलवी वाटतं.

रेडिओ खगोलशास्त्रात तीव्रतेचं एकक जान्स्की. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला एक वॅटचा १०^२६ वा भाग. एक वॅटचा साधा मोबाइल चंद्रावर चालू ठेवला आणि त्याचा संदेश दोनशे किलोहर्ट्झ पट्ट्यात पसरला असं धरलं, तर पृथ्वीवर त्याची तीव्रता सुमारे २७० जान्स्की भरते. गणित कुणीही करून पाहावं. आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांच्या रांगेत तो मोबाइल जाऊन बसेल. आणि जीएमआरटी ज्या स्रोतांच्या मागे असते ते जान्स्कीच्या लक्षांशाच्या घरातले. चंद्रावरच्या फोनची ही गत, तर शेजारून धावणाऱ्या गाडीतल्या काही शे फोनांचं काय, हे वेगळं सांगायला नको.

तरीही फोन हा मोठा शत्रू नव्हे. टॉवर वारंवारितेच्या कोणत्या पट्ट्यात बोलतो ते ठरलेलं असतं. तो पट्टा गाळून टाकता येतो, कंपन्यांशी बोलून दिशा आणि शक्ती ठरवता येते. विजेच्या ठिणगीचं तसं नाही. विद्युत रेल्वे २५ हजार व्होल्टच्या वरच्या तारेवर चालते, आणि गाडीच्या टपावरचा वीज घेणारा पेंटोग्राफ तारेला घासत पळतो. स्पर्श क्षणभर सुटला की ठिणगी पडते. ठिणगीला ठरलेली वारंवारिता नसते. ती एकाच वेळी सगळ्या पट्ट्यांत ओरडते. शिवाय ती ताशी २०० किलोमीटर वेगाने जागा बदलते. याच जातीचा त्रास वेधशाळेला आजही विजेच्या तारांवरच्या खराब इन्सुलेटरमुळे होतो, आणि तिचे तंत्रज्ञ हातात अँटेना घेऊन कोणत्या खांबावर ठिणगी पडते आहे ते शोधत शेताशेतांतून फिरतात. सापडला की महावितरणला कळवून दुरुस्त करून घ्यायचा. खांब एका जागी उभा असतो म्हणून हे जमतं.

तिसरी गोष्ट रेल्वेच्या स्वतःच्या बिनतारी यंत्रणेची. ‘कवच’ ही अपघात टाळणारी यंत्रणा चारशे मेगाहर्ट्झच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यात बोलते. गाडी आणि नियंत्रण कक्ष यांच्यातल्या संपर्कासाठी रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मिळाली आहे. अद्ययावत केलेल्या जीएमआरटीचे दोन महत्त्वाचे पट्टे आहेत २५० ते ५०० आणि ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ. दोन्ही यंत्रणा बरोबर त्यांच्यात येतात. सुरक्षेची यंत्रणा बंद ठेवून गाडी पळवा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

वेधशाळा स्वतःलाही सवलत देत नाही, हे इथे सांगायला हवं. तिचे संगणक धातूच्या जाळीने बंद केलेल्या खोल्यांत असतात, कारण संगणकही गोंगाट करतो. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांची मुलं थर्माकोलची प्रतिकृती सांभाळत एसटीतून उतरतात, आणि पाहुण्यांना पहिली सूचना मिळते ती मोबाइल बंद करण्याची.

तिजोरीतला हिशोब

आता रुपये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला १३,४१६ कोटी आहेत. एकूण अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. शंभर रुपयांतले सव्वीस-सत्तावीस पैसे. त्याच वर्षी रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी सुमारे २.५२ लाख कोटी ठेवले आहेत, म्हणजे अंतराळाच्या जवळपास एकोणीसपट.

दुसरीकडून पाहू. आपल्या २३५ किलोमीटरच्या मार्गाचा अंदाज १६,०३९ कोटींचा होता. देशाच्या संपूर्ण अंतराळ विभागाची वर्षभराची तरतूद यापेक्षा कमी आहे. किलोमीटरमागे अडुसष्ट कोटी पडतात. चंद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत झालं: या मार्गाचे नऊ किलोमीटर. जगातल्या सर्वांत मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या प्रकल्पात भारताने सामील व्हावं म्हणून केंद्राने मंजूर केलेले १,२५० कोटी म्हणजे सव्वाअठरा किलोमीटर.

“तो पैसा रेल्वेला द्या” हे म्हणणं इथेच संपतं. आकाशावरचा सगळा पैसा एक वर्ष थांबवला तरी एक पुणे–नाशिक मार्ग पुरा होत नाही. आणि या प्रकरणात पैसा अडलेलाच नव्हता. अडली होती जागा.

बदल्यात काय मिळालं

यादी द्यायचा मोह आवरतो आणि मला पटलेल्या तीनच गोष्टी सांगतो.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण यूएचएफ संदेश पृथ्वीवर थेट ऐकण्यासाठी जी दुर्बीण लावली गेली ती खोडदची. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडं आधी संदेश तुटला, यान आदळलं. पण पडण्याच्या वाटेवर ते बोलत होतं ते जुन्नरच्या शिवारात ऐकू आलं. तो संदेशही चारशे मेगाहर्ट्झच्याच आसपासचा होता. त्या संध्याकाळी शेजारून गाडी गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना वरच्या परिच्छेदांवरून येईल.

जानेवारी २०२३ मध्ये जीएमआरटीच्या नोंदींतून एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश सापडल्याचं जाहीर झालं. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय अवघं ४.९ अब्ज वर्षं होतं. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो सुमारे तीसपट मोठा केला म्हणून हाती लागला. त्याच वर्षी जूनमध्ये, अतिशय मंद गतीच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी मांडले. त्यात भारतीय गटाची पल्सारवरची, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांवरची, निरीक्षणं खोडदहून घेतलेली होती.

यातून नारायणगावच्या शेतकऱ्याला काय मिळालं? सरळ उत्तर: थेट काहीच नाही. विज्ञानाच्या बाजूने बोलणारे इथे चटकन हवामान उपग्रह, जीपीएस, दूरचित्रवाणी मध्ये आणतात. ते सगळं खरं आहे, शिवाजीनगरच्या हवामान वेधशाळेला उपग्रहाच्या चित्रांशिवाय आज मान्सूनचा अंदाज देणं अवघड जाईल. पण ती उपग्रहांची कमाई आहे, दुर्बिणीची नव्हे, आणि एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यात टाकून वाद जिंकता येत नाही. दुर्बिणीची खरी कमाई माणसांची आहे. चाळीसेक वर्षांत पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राची जी पिढी घडली, तिच्यामुळे स्क्वेअर किलोमीटर ॲरेची नियंत्रण सॉफ्टवेअर बांधण्यात पुण्यातलं केंद्र पुढे आहे आणि त्या कामाला शहरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचेही हात लागले आहेत. स्वरूप यांनी प्रा. वि. गो. भिडे यांच्यासोबत मांडलेल्या कल्पनेतूनच पुढे आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था आल्या. त्यातली एक पाषाणला आहे. हा फायदा पुणे शहराला झाला. जुन्नरला नाही. हे वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

तालुक्याची बाजू

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट मोजून होताना एका व्यापाऱ्याने जे सुनावलं ते कोणत्याही निवेदनापेक्षा नेमकं होतं: “साहेब, दुर्बीण राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही. आमच्या गाडीचं काय करता ते बोला.”

टोमॅटो ताशी दोनशेच्या गाडीने गेला नसता, तो पहाटेच्या ट्रकनेच वाशीला जाणार. मालवाहतुकीचा जो फायदा सभांमधून सांगितला जात होता तो मला फुगवलेला वाटतो. पण माणसांचा फायदा खरा होता. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला जाणारी जुन्नर-आंबेगावची पोरं आज तिथे खोल्या घेऊन राहतात, कारण चाकणच्या चौकातली कोंडी रोज दोनदा सोसणं शक्य नाही. तासाभरात चाकणला नेणारी गाडी असती तर ती घरी जेवायला आली असती. पुण्याला महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचं तेच. संगमनेर, सिन्नरची गणितं आणखी वेगळी, पण दिशा तीच.

आणि रेल्वे ही पहिली गोष्ट नव्हे. दुर्बिणीच्या परिसरात मोठे उद्योग येऊ नयेत असं राज्याचं धोरण वर्षानुवर्षं आहे. बऱ्याच गोष्टींना वेधशाळेचा ना-हरकत दाखला लागतो. शेजारचं चाकण औद्योगिक वसाहतीने कुठल्या कुठे गेलं आणि जुन्नर शेतीवरच राहिलं, याला एकटी दुर्बीण कारण नाही. पाणी, घाट, राजकारण, सगळं आहे. पण ती एक कारण आहे हे नाकारता येत नाही. २०१८ मध्ये जुन्नरला राज्यातला पहिला पर्यटन तालुका म्हणून घोषित केलं गेलं. घोषणा चांगली होती. पर्यटक मात्र आजही त्याच महामार्गाच्या कोंडीतून शिवनेरी गाठतो.

तर दुर्बिणीचा खर्च दोन भागांत आहे. एक भाग देशाने रुपयांत दिला, तो हिशोबात आहे. दुसरा भाग एका खोऱ्याने शांततेच्या रूपात दिला आणि देत राहिलं, तो कुठेच लिहिलेला नाही. अमेरिकेने १९५८ मध्येच ग्रीन बँकच्या दुर्बिणीभोवती हजारो चौरस किलोमीटरचा शांत पट्टा अधिकृतपणे आखला. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये संसदेत कायदा करून खगोलशास्त्रासाठी प्रदेश राखले. त्या कायद्यांनी तिथले लोक खूश झाले असं नव्हे, तिथेही कुरबुरी आहेत. पण काय मागितलं जातंय ते कागदावर आहे, त्यामुळे त्याची किंमत विचारता येते. आपल्याकडे काम दाखल्यांवर आणि पत्रव्यवहारावर चालतं, आणि जमिनीची खरेदीखतं झाल्यावर मार्ग रद्द होतो.

पर्याय कोणते होते

दुर्बीण हलवा, हा पहिला आणि सभेत सर्वांत टाळ्या मिळवणारा पर्याय. तो व्यवहार्य नाही. तीस ताटल्या, त्यांचे काँक्रीटचे पाये, त्यांना जोडणारं प्रकाशीय तंतूंचं जाळं हे सगळं नव्याने बांधावं लागेल, आणि मुख्य म्हणजे असं दुसरं शांत खोरं आधी शोधावं लागेल. ऐंशीच्या दशकातही ते सहज सापडलं नव्हतं. आज घराघरात वायफाय असताना कुठून सापडणार?

मूळ मार्गच ठेवून त्रास कमी करणं हा दुसरा. माझ्या मते याचा विचार पुरेसा खोलात जाऊन व्हायला हवा होता. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून रेडिओ लहरी बाहेर येत नाहीत, आणि मूळ आराखड्यातही बोगदे होतेच. दुर्बिणीच्या भुजांजवळचा टप्पा खोल खणलेल्या चरातून किंवा वर झाकलेल्या मार्गातून नेता आला असता का, त्याला किती कोटी लागले असते? कदाचित उत्तर “नाही” असंच आलं असतं. ठिणगीचा गोंगाट मोजणं अवघड काम नव्हे: दौंड–मनमाड मार्गावर विद्युत गाड्या आजही धावतात, तिथे ग्राहक-यंत्र घेऊन बसावं, गाडी जाताना कोणत्या पट्ट्यात किती आवाज होतो त्याची नोंद घ्यावी, मग खोडदच्या डोंगरांची उंची धरून तो किती पोचेल ते काढावं. हानिकारक गोंगाटाच्या मर्यादा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेल्याच आहेत. ही मोजणी आणि तिचे आकडे मंचरच्या, नारायणगावच्या ग्रामसभेत फळ्यावर मांडले गेले असते, तर “दिल्लीने आमची गाडी पळवली” हा सूर निम्म्याने उतरला असता.

तिसरा पर्याय म्हणजे मार्ग त्याच पट्ट्यात ठेवून डोंगररांगेपलीकडे सरकवणं. स्थानिक लोकप्रतिनिधींचा जोर याच्यावर आहे, आणि शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी या पट्ट्यातल्या रेल्वेचा विषय वर्षानुवर्षं लावून धरला आहे. चौथा, शिर्डीकडून जाणारा. तो दुर्बिणीसाठी सर्वांत सुरक्षित आणि रेल्वेसाठी सोयीचा, कारण तिकडे काही मार्ग आधीच आहेत. पण पुण्याहून नाशिकला जाणारा माणूस त्यात लांबच्या वाटेने जातो, आणि मधले चार-पाच तालुके हिशोबातूनच गळतात.

माझा कौल तिसऱ्याला आहे, आणि तो जमत नसेल तर चौथ्याला. पण फुकटात नाही.

माझं म्हणणं

दुर्बीण ठेवण्याजोगी आहे, यात मला शंका नाही. देशाने एवढ्या थोड्या पैशात जगातल्या शास्त्रज्ञांना रांगेत उभं राहायला लावणारं दुसरं काय बांधलं आहे, ते मला सांगा. वर्षातून दोनदा निरीक्षणाच्या वेळेसाठी अर्ज मागवले जातात आणि अर्ज उपलब्ध वेळेपेक्षा जास्त येतात. एका रेल्वेसाठी ती बहिरी करणं हा तोट्याचा सौदा ठरेल, कारण रेल्वे दुसरीकडून नेता येते.

पण “खर्च योग्य आहे” हे पुण्यात गणेशखिंडीला बसून म्हणणं सोपं आहे. फायदा शहराला आणि देशाला, नियम तालुक्याला, ही वाटणी चालू ठेवून विज्ञानावरच्या खर्चाचं समर्थन करता येणार नाही. धरणग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात जमीन द्यावी लागते हे आपण, उशिरा आणि अर्धवट का होईना, मान्य केलं. शांतता घेतली जाते तेव्हा काही देणं लागतं, हा विचारच अजून कुणी केलेला नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. स्क्वेअर किलोमीटर ॲरेसाठी मंजूर झालेल्या १,२५० कोटींच्या एक टक्का, म्हणजे साडेबारा कोटी, एवढीच रक्कम त्या निधीला हात न लावता खोडदच्या शेजारच्या गावांसाठी वेगळी ठेवावी. त्यात रेल्वे होणार नाही. नारायणगाव ते चाकण वेळापत्रकाने धावणाऱ्या बसगाड्या, मुलींसाठी चाकणला किंवा पुण्यात वसतिगृह, बाजारात शीतगृह, यांपैकी काय हवं ते गावांनी ठरवावं. (बसगाड्या विजेवरच्या घ्यायच्या ठरल्या तर त्यांचाही गोंगाट आधी मोजावा लागेल. या खोऱ्यात कशाचीच सुटका नाही.) याच्या जोडीला दुर्बिणीच्या परिसरात नेमकं काय चालतं, काय चालत नाही आणि दाखला किती दिवसांत मिळतो, याचा मराठीतला एक पानी तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. आज कोणाला काही करायचं झालं तर तो ऐकीव माहितीवर चालतो, आणि ऐकीव माहितीत दुर्बीण आहे त्याहून जास्त खलनायक ठरते.

नव्या मार्गाचा प्रकल्प अहवाल पक्का होण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वे, वेधशाळा आणि या गावांचे सरपंच यांना एका टेबलावर बसवलं, आणि रद्द झालेल्या आखणीत ज्यांच्या जमिनींची खरेदी झाली त्यांचं पुढे काय, हा विषय त्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घेतला, तर सुरुवात होईल.